दोन चित्रं जुळली तर

दंतवैद्याच्या खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. छतातून एक थेंब सुटला आणि नेमका त्यांच्या जिभेवर पडला. थेंब निळा होता.

*

कागद आधी भिजवायचा. पुरता. मग एका कडेला रंग टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. हात मागे घेणं, तेवढंच अवघड.

*

चौकात लाल गाडीला धडक बसली. साक्षीदार चार. एकाला गाडी पांढरी दिसली, एकाला ट्रक दिसला, एकाला काहीच दिसलं नाही पण आवाज लाल वाटला. चौथ्याने विचारलं, तुम्हाला कोणती हवी?

*

"दोन किलो मीठ?" सून म्हणाली. "एकट्या बाईला? महिन्याला?"
"कागदावर टाकते," सासू म्हणाली. "त्याचं धुकं होतं."

*

'रविवारी दुपारी सगळे आईकडे. विषय: आई. उशीर नको.' थोरल्याने घरच्या ग्रुपवर टाकलं. आईही त्या ग्रुपवर आहे हे तो विसरला. आईने एक हसरा चेहरा पाठवला, आणि पाठोपाठ एक बदक.

*

सलूनमध्ये एका बाईंच्या कपाळावरचे केस धाकटीने तिरपे कापले. तिचं लक्ष बदकाकडे होतं.

थोरला, वाकून

थोरला आत आला तो वाकूनच. दारापासून खिडकीपर्यंत दोरी बांधलेली, दोरीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना तळी. त्यातलं एक तळं त्याच्या टकलाला ओलसर चिकटलं. मागून त्याची बायको आली, तीही वाकून.

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून, भिंगं बदलत, 'असं नीट दिसतं, की असं?' विचारायचं. सवय इतकी की भांडताना बायकोलाही तो तेच विचारी.

आई गळ्याभोवती चादर गुंडाळून स्टुलावर बसली होती आणि धाकटी तिचे केस कापत होती. आईच्या केसांना ती दुसऱ्या कुणाची कात्री लागू देत नसे.

"आई, हे काय आहे?"

"तळं."

"तळं वर आहे. घर खाली आहे."

"मला वर आठवलं."

"आणि ही खुर्ची? घरापेक्षा मोठी?"

"तुझे बाबा बसायचे त्या खुर्चीत. मोठीच होती."

"माझ्या कमरेएवढी होती!"

"तुझी कंबर तेव्हा किती वर होती रे?"

धाकटी फिस्सकन हसली. "आई, हलू नकोस. कान जाईल."

तळं एकच होतं, चित्रं शंभर. वडील पाणीपुरवठ्यात पंपचालक होते, आणि पंपघराला लागून दोन खोल्यांत हे कुटुंब राहायचं. त्या घराचा एकही फोटो नाही. पुढे तळं बुजवलं, तिथे बसचा डेपो झाला, आणि कुटुंब शहरात आलं. वडील गेल्यावर, सत्तरी उलटल्यावर, आईने एक दिवस जलरंगाचा डबा आणला आणि तळं काढायला घेतलं. पहिलं तळं तळ्यासारखं होतं. मग ते हळूहळू जमीन सोडू लागलं. कधी डोंगराच्या टोकावर, कधी ढगांच्या मध्ये, कधी खिडकीच्या आत. झाडं मुळांवर तरंगायची. पंपघर एकदा चक्क झोपलं होतं, कुशीवर.

थोरल्याने घसा साफ केला. भाषण त्याने गाडीत पाठ केलं होतं.

"आई, त्या गृहस्थांची जीभ दोन दिवस निळी होती. खालचे दंतवैद्य म्हणाले, माझ्या उभ्या आयुष्यात असं झालं नाही."

"माझ्याही."

"नळ सुरू ठेवलास तू!"

"ठेवला नाही, राहिला. कागदावर डोंगर तयार होत होता. नळ बंद करायला उठले असते तर डोंगर थांबला असता."

"हे असलं डॉक्टरांसमोर बोलू नकोस."

"कुठल्या डॉक्टरांसमोर?"

थोरला भाषणातली दोन वाक्यं एकदम ओलांडून शेवटाला आला. "तू माझ्याकडे राहायला यायचंस. कायमचं. हे घर बंद करायचं. ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"आमचं."

सोफ्यावरून मधली म्हणाली, "माझं दादाला अनुमोदन आहे." ती मघापासून तिथे होती, बूट न काढता, जणू निघायलाच आली आहे. ती विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायची आणि कुणाच्याही सांगण्यावर तिचा विश्वास नव्हता. "दंतवैद्य फोन कुणाला करतो? मला. का? तर मी जवळ राहते. जवळ राहणं हा काय गुन्हा आहे?"

"माझा विरोध," धाकटी म्हणाली.

"तुझं मत कुणी विचारलं?"

"कात्री माझ्या हातात आहे, दादा."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. "अगं, तू बोल ना काहीतरी."

"मी काय बोलणार? तुमच्या घरचा प्रश्न," सून म्हणाली. "मी चहा टाकते."

मग थोरला बोलू नये ते बोलला. दोरीवरच्या चित्रांकडे बोट करून म्हणाला, "हाच पुरावा आहे. तळं आकाशात, घर उलटं. आई, तुला आता आठवत नाहीये."

कात्रीचा आवाज थांबला.

"मग कसं होतं?" आईने विचारलं. अगदी गोड आवाजात. तिची तिन्ही मुलं या आवाजाला लहानपणापासून घाबरत.

"सरळ होतं. पंपघर डावीकडे..."

"उजवीकडे," मधली म्हणाली.

"डावीकडे."

"दादा, मला रोज डावं-उजवं बघायचा पगार मिळतो."

"तू कुठून बघत होतीस त्यावर आहे ते!"

"मी? पायऱ्यांवरून."

"पायऱ्या कुठे होत्या पण?"

"बघा बुवा," आई म्हणाली. मान न हलवता तिने तिघांना एका नजरेत घेतलं. "असं करा. तिघं तीन कोपऱ्यांत बसा. एकमेकांकडे पाठ. घर काढा. कुठलीही दोन चित्रं जुळली, तर मी आजच पिशवी भरते. नाही जुळली, तर मी इथेच, आणि हा विषय मी असेपर्यंत काढायचा नाही. नंतर खुशाल काढा."

"जुळली म्हणजे?" मधलीने व्यवसायाला जागून विचारलं.

"पंपघर, पाइप, पायऱ्या, होडी. चारही जागच्या जागी."

"चालेल," थोरला म्हणाला. आपली आठवण बरोबरच आहे याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि मधली शेवटी त्याचं ऐकते याबद्दलही.

"आई, नको," धाकटी कानात कुजबुजली.

"तू पण काढायचंस."

पेन्सिल मिळणार नाही, आईने सांगितलं. पेन्सिलने माणूस जपून खोटं बोलतो. तिने अर्धे कापलेले केस आणि गळ्यातली चादर तशीच ठेवून तीन कागद नळाखाली धरले, आणि नळ इतक्या समारंभाने बंद केला की थोरल्याने दुसरीकडे पाहिलं.

मधली, पायऱ्यांवर

साक्षीदाराला काय पाहिलंस असं विचारायचं नसतं. कुठे उभा होतास ते विचारायचं. मधलीने स्वतःला विचारलं, कुठे उभी होतीस? पायऱ्यांवर. तिने ओल्या कागदावर एक गुलाबी ठिपका टेकवला. तो पसरला आणि तिच्यासारखाच जरा रुंद झाला. त्याच्या बाजूला तिने पिवळा ठिपका दिला.

"काय काढतेस?" थोरल्याने मान न वळवता विचारलं. त्याच्या वाट्याला खिडकी आली होती.

"मी. आणि कडेवर धाकटी."

"ती कडेवर कधी होती? पाळण्यात असायची. पंपघराच्या दारात."

"तू पाळण्यात टाकून खेळायला पळायचास. रडायला लागली की माझ्या कडेवर."

"मी कधी पळालो?"

"रोज!"

"जड होते का गं मी?" जमिनीवर पालथं पडून रंगवणाऱ्या धाकटीने खुशीत विचारलं.

"विचारू नकोस. माझी कंबर आजही त्या बाजूनेच धरते."

आई मधोमध स्टुलावर बसून भांड्यातलं पाणी ब्रशने ढवळत होती. ती काही रंगवत नव्हती. नुसतीच ढवळत होती, बराच वेळ. मधलीच्या मनात आलं, वय झालं खरं.

पंपघराशी मात्र ती अडली. उजवीकडे म्हणून तर बसली होती, पण कागद वाळत चालला तसा धीरही वाळायला लागला. समोर काचेचं कपाट होतं. काचेत दादाची पाठ, दादाचं कोपर, आणि कोपराखालून दादाचं चित्र. तिने मान लांब केली. पंपघर उजवीकडे!

"मी म्हटलंच होतं," ती पुटपुटली, आणि ठसक्यात उजवीकडे पंपघर ठोकलं. रोज गाड्यांचे आरसे तपासणारी ही बाई. काचेत सगळं उलटं दिसतं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सून, स्वयंपाकघराच्या दारात

तिच्या घरात एक मोकळी खोली होती. सगळे म्हणत तिथे ती काहीतरी करते. दार लावून ती तिथे काहीच करत नसे. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत असे. संसारात इतकी वर्षं काढून तिने हे काहीच-न-करणं कमावलं होतं, आणि थोरला सासूबाईंना ठेवणार होता तो नेमका त्याच खोलीत.

हे तोंडाने सांगता येत नव्हतं. सांगितलं तर सून वाईट ठरणार. म्हणून चहाचा ट्रे धरून ती दारात उभी राहिली आणि मनातल्या मनात सासूच्या बाजूने झाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

आणि तिने मधलीची लांब झालेली मान पाहिली. मानेसमोरची काच पाहिली. काचेतलं नवऱ्याचं चित्र पाहिलं. नक्कल करतेय! दोन चित्रं जुळणार!

"चहा घ्या ताई," ती धावतच म्हणाली, आणि चादरीच्या टोकात पाय अडकल्यासारखं करून तिने भरलेला कप मधलीच्या तळ्यात ओतला.

"अहो वहिनी!"

"अगं बाई! पाय अडकला."

"चादर त्या बाजूला आहे!"

"हो का? मग कशात अडकला?"

होडी विरघळली. पायऱ्या चहात बुडाल्या. गुलाबी ठिपका पिवळ्या ठिपक्याला घेऊन कागदाच्या कडेवरून खाली उतरला.

"सुंदर," आई म्हणाली. "संध्याकाळ झाली बघ." तिने सुनेकडे एक नजर टाकली. सून घाईघाईने जमीन पुसायला लागली. दोघींमध्ये त्या क्षणी जे झालं ते लग्न होऊन आल्यापासून झालं नव्हतं. दोघींना एकाच वेळी हसू दाबावं लागलं.

धाकटी, पालथी

धाकटीचं ठरलं होतं, चुकीचं काढायचं. पंपघर डोंगरावर, होडी झाडावर, पाइप सूर्यातून बाहेर. आईच्या चित्रांसारखं. मग जुळायचा प्रश्नच नाही.

तिने निळा टेकवला. निळा पसरला आणि थांबला तो बरोबर काठाशी. काठ तिने काढला नव्हता. तो आपोआप झाला, आणि त्यावर पायऱ्या हव्यात हे दिसलंच. शेवटची पायरी शेवाळाने काळी. तळव्यांना गार लागायची. तिने बोट ओलं करून ती गार केली.

दादाला त्या घराचे नियम आठवायचे, ताईला भांडणं. तळं मात्र धाकटीचं होतं. कुणाकडेही विषय निघाला की अखेर तीच सांगायची, आणि ऐकणारे तोंडात बोटं घालायचे, एवढीशी असून हिला कसं आठवतं! पाइपला कान लावला की आत कुणीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. ओल्या लोखंडाचा वास. बाबांच्या खांद्यावरून दिसणारं पाणी. बाकी सगळ्या गोष्टींत ती शेवटची. शेवटी बोलायची, शेवटी कळायचं, जुने कपडे अंगावर. फक्त या एका बाबतीत ती पहिली होती.

पंपघर उजवीकडे काढ, तिने हाताला बजावलं. हात डावीकडे गेला. गोल खिडकी. खिडकीखालून लाल पाइप, एक वळण घेऊन पाण्यात. इतकं स्वच्छ दिसत असताना खोटं काढायचं कसं? मीठ टाकलं तर धुकं झालं, आणि धुकं नेमकं तिथेच झालं जिथे सकाळी असायचं.

होडी काढून झाल्यावर तिने मान वर केली, आणि तिला भीती वाटली.

सगळे

मधलीचं चित्र बाद झालं. त्यात चहाशिवाय काही शाबूत नव्हतं, आणि जे होतं ते उलटं होतं. थोरला तिच्याशी वाद घालत असतानाच त्याची नजर जमिनीवर गेली.

तो वाकला. आपलं चित्र त्याने धाकटीच्या चित्राशेजारी ठेवलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"पंपघर डावीकडे," तो म्हणाला.

त्याने बोट कागदावर पुढे सरकवलं.

"गोल खिडकी. पाइप खिडकीखालून. वळण घेऊन." त्याचा आवाज चढत गेला. "पायऱ्या तिरप्या. जुळलं की!"

"होडी," सून म्हणाली. तिची शेवटची आशा होती होडी. "होडी बघा ना नीट. खुंट्याला बांधली असेल एकात."

"पायरीला आहे. दोन्हीत. खुंटा कुजला होता."

"हो, म्हणून बाबांनी पायरीत कडी बसवून..." धाकटीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने हात तोंडावर ठेवला.

थोरला टाळी वाजवणार होता. त्याने हात वरही नेले. मग धाकटीचा चेहरा दिसला आणि टाळीचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने ते हात खिशात घातले.

"मी फाडते," धाकटी म्हणाली. "आई, मी काढलंच नाही असं समज."

"हात लावू नकोस." आईने कागद उचलला आणि लांब धरून पाहिला. मग जवळ आणून. चादरीवरून पांढरे केस चित्रावर गळले, ते तिने फुंकरीने उडवले.

सून जवळ सरकली. "आई, तुम्ही सगळ्यांत जास्त तिथे राहिलात. तुम्हाला काहीतरी चुकीचं दिसत असेल. बघा तरी. एखादी गोष्ट."

आईने तोंड उघडलं. मग मिटलं. खोलीत दोरीवरच्या एका तळ्यातून थेंब पडला, कुणाच्यातरी बुटावर.

"एवढं सगळं कुठून आणलंस गं?" तिने धाकटीला विचारलं.

"आणलं कुठून म्हणजे? मी होते ना तिथे."

"आईला काय विचारायचंय," मधली म्हणाली, "की तू इतकी लहान..."

"होतीस," आई म्हणाली. मधलीचं वाक्य तिने अर्ध्यात कापलं. "होतीस तू तिथे. एकही चूक नाही. मी हरले."

आणि ती पिशवी भरायला उठली.

पिशवी कपड्यांची नव्हती. रंग, ब्रश, चिमटे, उरलेलं मीठ. खुर्चीवर चढून तिने दोरी सोडली तेव्हा थोरला धावला. "अगं, दोरी कशाला? आमच्याकडे आहे सगळं."

"दोरी आहे?"

"दोरी नाही."

"मग. सूनबाई, तुझी ती मोकळी खोली. खिडकीपासून कपाटापर्यंत लांब आहे ना?"

"आहे," सून म्हणाली. खोल गेलेल्या आवाजात.

"आणि आंघोळीचा मोठा टब आहे तुमच्याकडे. मी पाहिलाय. त्यात मोठे कागद भिजतील. इथे काय, सगळी लहान लहान तळी करावी लागायची."

थोरला बायकोकडे बघत होता. बायको भिंतीकडे.

"आणि काय रे, तुमच्या खाली कोण राहतं?"

"न्यायाधीश," थोरला म्हणाला. "निवृत्त झालेत. कडक आहेत फार."

"असू देत," आई म्हणाली. "दुपारी झोपतात का?"

मधली मोठ्याने हसली आणि मग तिने बूट काढले. त्या दिवशी पहिल्यांदाच. "दादा," ती म्हणाली, "न्यायाधीशांना माझा नंबर देऊ नकोस हं. मी जवळ राहत नाही."

"आपण जरा विचार करू," थोरला म्हणाला. "घाई काय आहे? पुढच्या महिन्यात..."

"पैज म्हणजे पैज." आईने घराची किल्ली काढून धाकटीच्या हातात ठेवली. "रोज येऊन खिडकी उघड. कागदांना वारा लागू दे."

"आई, तुझे अर्धे केस राहिलेत. एका बाजूने भलतंच दिसतंय."

"राहू देत. उरलेले कापायला तुला यावं लागेल ना तिकडे."

धाकटी रडत होती आणि हसतही होती. जिना उतरताना दंतवैद्याचं दार किलकिलं झालं. दंतवैद्याने आधी वर छताकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की आईने त्याला थांबून सांगितलं, "किल्ली हिच्याकडे आहे. ही पण रंगवते आता."

गाडीत आई पुढे बसली. थोरल्याने ओलं चित्र डिकीत ठेवू म्हटलं, ते तिने ऐकलं नाही. धाकटीचं तळं तिने मांडीवर सपाट धरलं, वळणावळणावर तोल सांभाळत, रंग इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून. मागच्या सीटवर सून डोळे मिटून आपल्या खोलीचा निरोप घेत होती. थोरला गाडी अगदी हळू चालवत होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तळं बुजवून तिथे बसचा डेपो उभा राहिला, त्याच्या दुसऱ्या वर्षी धाकटीचा जन्म झाला.